कर्नल अपडेट झालं की लॅपटॉपचं वायफाय गायब: दरवेळी का होतं आणि कायमचं कसं थांबवायचं

लक्षण ठरलेलं असतं. रात्री सिस्टीमने अपडेट घेतले, सकाळी लॅपटॉप सुरू केला, तर नेटवर्कच्या मेनूत वायफायचा पर्यायच नाही. कुठूनतरी मिळालेल्या चार कमांड चालवल्या की ते परत येतं, आणि महिनाभराने पुढचं अपडेट आलं की पुन्हा तेच. कार्ड बिघडलेलं नसतं, लिनक्सही बिघडलेलं नसतं. दरवेळी लक्षण दाबलं जातं आणि मूळ तसंच राहतं, एवढंच.

आधी लिहिण्याच्या पद्धतीबद्दल. खालच्या कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीत आहेत. टर्मिनलात ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

मुळात होतं काय

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर म्हणजे त्याचं गरजेप्रमाणे लोड होणारं एक मॉड्यूल. प्रत्येक कर्नलची मॉड्यूलं /लिब/मॉड्यूल्स/ खाली त्या कर्नलच्या नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, आणि एका कर्नलसाठी बांधलेलं मॉड्यूल दुसऱ्यात चालत नाही. जे ड्रायव्हर कर्नलच्या मूळ कोडमध्येच आहेत (इंटेलचा आयडब्ल्यूएलवायफाय, क्वालकॉमचा एटीएच१०के, मीडियाटेकचा एमटी७६, रिअलटेकचे आरटीडब्ल्यू८८ आणि आरटीडब्ल्यू८९) ते नव्या कर्नलबरोबर आपोआप येतात. जे बाहेरून आणून बसवलेले आहेत ते प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने बांधावे लागतात. ब्रॉडकॉमचा डब्ल्यूएल हा त्यातला सगळ्यात कुप्रसिद्ध. जुन्या मार्गदर्शकांवरून बसवलेला आरटीएल८८२१सीई हा दुसरा.

बाहेरचा ड्रायव्हर ‘मेक’ आणि ‘मेक इन्स्टॉल’ करून बसवला असेल, तर तो फक्त त्या दिवशी चालू असलेल्या कर्नलच्या फोल्डरमध्ये गेला. पुढच्या कर्नलला त्याचा पत्ताच नाही. डीकेएमएसमधून (बाहेरचे ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी बांधून देणारी व्यवस्था) बसवला असेल, तर नवं कर्नल आलं की बांधणी आपोआप व्हायला हवी. ती होत नसेल तर तीनच कारणं नेहमी सापडतात: हेडर (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) नाहीत, ड्रायव्हरचा कोड नव्या कर्नलला जुळत नाही, किंवा बांधणी झाली पण सिक्युअर बूटने (फक्त सही केलेला कोड चालू देणारी सुरक्षेची सोय) मॉड्यूल आत येऊ दिलं नाही.

पहिली पाच मिनिटं: निदान

काहीही बसवण्याआधी लॅपटॉप रीस्टार्ट करा, ग्रबच्या (सुरुवातीला कर्नल निवडू देणाऱ्या) मेनूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडा आणि यादीतलं मागचं कर्नल निवडा. मेनू दिसत नसेल तर सुरू होताना एस्केप दाबा, जुन्या बायोस पद्धतीच्या लॅपटॉपवर शिफ्ट धरून ठेवा. मागच्या कर्नलवर वायफाय चाललं, तर प्रश्न मॉड्यूलचा आहे हे जवळपास सिद्ध झालं. शिवाय दुरुस्तीसाठी इंटरनेटही मिळालं. तिथेही चाललं नाही, तर खालचा ‘ड्रायव्हर आहे, तरी बंद’ हा भाग आधी वाचा. याच कारणासाठी नवं कर्नल नीट चालतं हे पाहिल्याशिवाय ‘ऑटोरिमूव्ह’ चालवून जुनं काढून टाकू नये.

आता कार्ड ओळखायचं:

एलएसपीसीआय -एनएनके

यात ‘नेटवर्क कंट्रोलर’ असं लिहिलेली ओळ शोधा. ‘इथरनेट कंट्रोलर’ म्हणजे बहुधा केबलचं कार्ड, पण काही जुनी वायफाय कार्डंही त्याच नावाखाली दिसतात. ओळीच्या शेवटी चौकटी कंसात विसर्गचिन्हाने जोडलेले दोन आकडे असतात. पहिला उत्पादकाचा: ८०८६ इंटेल, १०ईसी रिअलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी क्वालकॉम अथेरॉस, १४सी३ मीडियाटेक. दुसरा नेमक्या चिपचा. लॅपटॉपच्या खोक्यावरच्या किंवा दुकानाच्या पानावरच्या नावावर विसंबू नका. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये वेगवेगळी कार्डं निघतात. हा आकडा मात्र खोटं बोलत नाही.

त्याखालच्या दोन ओळी सगळ्यात महत्त्वाच्या. ‘कर्नल मॉड्यूल्स’ म्हणजे या कार्डाला चालतील अशी मॉड्यूलं डिस्कवर आहेत का. ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ म्हणजे त्यातलं एखादं खरंच कार्डाला जोडलं गेलं का. दोन्ही ओळी नसतील तर या कर्नलसाठी ड्रायव्हरच नाही. ‘कर्नल मॉड्यूल्स’ची आहे, ‘इन यूज’ची नाही, म्हणजे मॉड्यूल आहे पण लोड होत नाही: सिक्युअर बूट, काळी यादी (लोड करू नये अशा मॉड्यूलांची) किंवा फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा कोड). दोन्ही आहेत आणि तरी वायफाय नाही, म्हणजे ड्रायव्हर ठीक, अडचण पुढे कुठेतरी. कार्डच यादीत नसेल तर ते बायोसमध्ये बंद आहे, सैल झालं आहे, किंवा यूएसबीवर जोडलेलं आहे. यूएसबीसाठी एलएसयूएसबी पाहा.

दुरुस्तीला इंटरनेट लागतंच. जुनं कर्नलही उपलब्ध नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. लिनक्सला हे केबलचं नेटवर्क वाटतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन घरच्या वायफायवर असेल तर बहुतेक फोन तेच इंटरनेट पुढे देतात, म्हणजे मोबाइल डेटाही जळत नाही. केबल मात्र डेटाची हवी, नुसत्या चार्जिंगच्या केबलने काही होणार नाही. आर्चवाल्यांसाठी एक खाच: आर्चचा पॅकेज मॅनेजर पॅकमॅन नवं कर्नल बसवताना जुन्याची मॉड्यूलं काढून टाकतो. अपडेटनंतर रीस्टार्ट न करता फोन जोडला, तर टेदरिंगचं मॉड्यूलही सापडत नाही. आधी रीस्टार्ट, मग फोन.

हेडर: दहापैकी निम्म्या वेळा गुन्हेगार हाच

डीकेएमएस स्टेटस

ही कमांड प्रत्येक बाहेरच्या मॉड्यूलपुढे कर्नलचं नाव आणि स्थिती दाखवते. ‘इन्स्टॉल्ड’ म्हणजे बांधून जागेवर ठेवलं. ‘बिल्ट’ म्हणजे बांधलं, पण ठेवलं नाही. ‘अ‍ॅडेड’ म्हणजे नुसता कोड आणून ठेवला आहे. आता यूनेम -आर ने चालू कर्नलचं नाव पाहा. यादीत जुन्या कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ आहे आणि नव्याचं नावच नाही, तर हेडर नाहीत असं समजून पुढे चला.

हेडर म्हणजे मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या व्याख्या. त्यांचं पॅकेजही प्रत्येक कर्नलसाठी वेगळं. बहुतेक मार्गदर्शक इथे ही कमांड देतात:

सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-$(यूनेम -आर)

यात चूक काही नाही, पण ही आजची सोय आहे. हिने फक्त आत्ता चालू असलेल्या कर्नलचे हेडर येतात. उद्या नवं कर्नल आलं की त्याचे हेडर कोणी मागितलेलेच नाहीत, म्हणून ते येत नाहीत, डीकेएमएस बांधणी सोडून देतो आणि चक्र पुन्हा सुरू. दर महिन्याला ही कमांड भक्तिभावाने चालवणारे लोक आहेत. खरा उपाय म्हणजे कर्नलबरोबर हेडरही ओढून आणणारं मूळ पॅकेज बसवणं:

डेबियनवर: सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-एएमडी६४

उबंटूवर: सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-जेनेरिक

उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर नव्या हार्डवेअरसाठीचं एचडब्ल्यूई कर्नल असेल तर साधं जेनेरिक चालणार नाही. २४.०४ वर लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४, २२.०४ वर त्याच नावातलं २२.०४. मिंटही याच पॅकेजांवर चालतं. कर्नल एचडब्ल्यूईचं आणि हेडर साध्या जेनेरिकचे ही गल्लत फार होते. आर्चवर लिनक्स कर्नलला लिनक्स-हेडर्स, एलटीएसला लिनक्स-एलटीएस-हेडर्स; दोन्ही कर्नलं ठेवली असतील तर दोन्ही हेडर.

नंतर एकदा

सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल

आणि पुन्हा स्टेटस पाहा. नव्या कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ दिसलं की सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल (किंवा तुमच्या मॉड्यूलचं नाव) चालवून मॉड्यूल लोड करा. रीस्टार्टचीही गरज पडू नये.

फेडोरात डीकेएमएसऐवजी आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या पॅकेजसंग्रहातलं एकेमॉड-डब्ल्यूएल वापरलं जातं. त्याची बांधणी अपडेटनंतर पार्श्वभूमीला किंवा पुढच्या बूटच्या वेळी होते आणि काही मिनिटं घेते. अपडेट संपल्याक्षणी रीस्टार्ट मारणाऱ्यांना म्हणून वायफाय दिसत नाही. थोडं थांबा, नाहीतर सुडो एकेमॉड्स --फोर्स चालवा.

हेडर असूनही बांधणी मोडत असेल, तर अंदाज बांधण्यापेक्षा /व्हार/लिब/डीकेएमएस/ खाली त्या मॉड्यूलच्या आवृत्तीच्या फोल्डरमधली मेक.लॉग फाइल उघडा. शेवटच्या नव्हे, पहिल्या ‘एरर’च्या ओळीवर थांबा. बाकीच्या तिच्यामुळेच आलेल्या असतात. दोन नमुने वारंवार दिसतात. एक, ‘जीसीसी-१२ नॉट फाउंड’. उबंटू २२.०४ चा नेहमीचा कंपायलर जीसीसी ११, पण तिथे आलेलं ६.५ चं एचडब्ल्यूई कर्नल जीसीसी १२ ने बांधलेलं होतं. जीसीसी-१२ हे पॅकेज बसवलं की प्रश्न संपतो. दोन, एखादं फंक्शन सापडत नाही किंवा त्याचे आर्ग्युमेंट जुळत नाहीत. याचा अर्थ ड्रायव्हरचा कोड कर्नलच्या मागे पडला. ब्रॉडकॉमच्या डब्ल्यूएलची शेवटची आवृत्ती ६.३०.२२३.२७१ ही २०१५ सालची आहे. तेव्हापासून तो केवळ वितरणांनी लावलेल्या ठिगळांवर जगतो आहे. त्यामुळे कर्नल आणि ड्रायव्हरचं पॅकेज एकाच ठिकाणचं हवं. डेबियन स्टेबलवर बॅकपोर्ट्सचं (स्टेबलसाठी बांधलेल्या नव्या पॅकेजांच्या विभागातलं) कर्नल घेतलं, तर ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस बॅकपोर्ट्समध्ये आहे का ते पाहून तेही तिथूनच घ्या. नसेल तर स्टेबलच्याच कर्नलवर राहा. अशा लॅपटॉपवर हौसेने नवनवी कर्नलं चढवण्यात काही अर्थ नाही.

सिक्युअर बूट: बांधलं, पण आत येऊ देत नाही

सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल केल्यावर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ किंवा ‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’ असं उत्तर आलं, तर हेडरच्या मागे लागू नका. मॉड्यूल व्यवस्थित बांधलेलं आहे. सिक्युअर बूट चालू असताना कर्नल फक्त ओळखीच्या किल्लीने सही केलेली मॉड्यूलं घेतं, आणि तुमच्या लॅपटॉपवर बांधलेल्या मॉड्यूलवर तुमच्याच लॅपटॉपने तयार केलेल्या किल्लीची सही असते. ती किल्ली बूटच्या यंत्रणेला ओळखीची करून द्यावी लागते.

मॉकयूटिल --एसबी-स्टेट

‘एनेबल्ड’ आलं तर किल्ली नोंदवा. उबंटूवर किल्ली /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मॉक/ या फोल्डरमध्ये एमओके.डीईआर नावाने असते (एमओके ही तीन अक्षरं मोठी). नव्या डीकेएमएसच्या डेबियनवर ती /व्हार/लिब/डीकेएमएस/मॉक.पब, फेडोरात /ईटीसी/पीकेआय/एकेमॉड्स/सर्ट्स/पब्लिक_की.डीईआर. नोंदणीची कमांड सगळीकडे एकच:

सुडो मॉकयूटिल --इम्पोर्ट (फाइलचा पूर्ण पत्ता)

ती एक पासवर्ड विचारते. हा फक्त एकदाच वापरायचा असतो, लॉगिनशी त्याचा संबंध नाही. सोपा ठेवा आणि चिन्हं टाळा, कारण पुढच्या निळ्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो. उबंटूचा स्वतःचा संवाद ८ ते १६ अक्षरं मागतो. आता रीस्टार्ट. निळा पडदा येतो आणि कोणतंही बटण दाबायला १० सेकंदं देतो. इथेच बहुतेकांची गाडी सुटते: चहा आणायला गेलं की पडदा निघून जातो, किल्ली नोंदवली जात नाही आणि कमांडपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. बटण दाबा, ‘एनरोल मॉक’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, पासवर्ड, रीबूट.

ही नोंद एकदाच करायची. पुढची प्रत्येक बांधणी त्याच किल्लीने सही होते. तरीही दर अपडेटनंतर सहीचीच तक्रार येत असेल तर मॉडइन्फो डब्ल्यूएल चालवून ‘साइनर’ची ओळ पाहा. ती ओळच नसेल तर सही होतच नाही: बहुधा मॉड्यूल डीकेएमएसबाहेर हाताने बांधलं आहे, किंवा डीकेएमएस फार जुना आहे. बायोस अपडेट केल्यावर किंवा ‘फॅक्टरी कीज’ पुन्हा बसवल्यावर कधीकधी नोंदवलेल्या किल्ल्या पुसल्या जातात. मग नोंदणी पुन्हा करावी लागते. सिक्युअर बूट सरळ बंद करणं हाही उपाय आहे आणि घरच्या जुन्या लॅपटॉपवर त्याने फारसं बिघडत नाही. पण बरोबर विंडोजही असेल आणि डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तो बदल केल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. ती हाताशी असल्याशिवाय बायोसमध्ये हात घालू नका.

ब्रॉडकॉम: कोणत्या चिपला कोणता ड्रायव्हर

ब्रॉडकॉम म्हटलं की डब्ल्यूएल बसवायचा, ही सवय अनेक ठिकाणी नडते. बीसीएम४३१४२ (१४ई४:४३६५) आणि जुन्या मॅकबुक एअरमधलं बीसीएम४३६० (१४ई४:४३ए०) यांना डब्ल्यूएलशिवाय गत्यंतर नाही. बीसीएम४३१३ (१४ई४:४७२७) कर्नलमधल्या बीआरसीएमएसमॅकवर चालतं. बीसीएम४३१२ (१४ई४:४३१५) बी४३ वर चालतं, फक्त त्याचं फर्मवेअर डेबियन-उबंटूवर फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर या पॅकेजने आणावं लागतं. मॅकबुक प्रोच्या २०१५ च्या पिढीतलं बीसीएम४३६०२ (१४ई४:४३बीए) बीआरसीएमएफमॅकवर. ज्याला कर्नलमधला ड्रायव्हर आहे त्याला बाहेरचा लावू नका. या संपूर्ण दुखण्यावरचं सगळ्यात स्वस्त औषध तेच.

डब्ल्यूएलचं पॅकेज बी४३, एसएसबी, बीसीएमए, बीआरसीएमएसमॅक यांना /ईटीसी/मॉडप्रोब.डी/ मधल्या फाइलीत काळ्या यादीत टाकतं, नाहीतर ते आधी येऊन कार्ड अडवतात. उलट फसगतही होते. डब्ल्यूएल काढून बी४३ वर परतलात आणि पॅकेज ‘रिमूव्ह’ केलं पण ‘पर्ज’ (सेटिंगच्या फाइलींसकट काढणं) केलं नाही, तर काळी यादी मागे राहते आणि कोणताच ड्रायव्हर लोड होत नाही. त्या फोल्डरमध्ये ‘ब्लॅकलिस्ट’ शब्द शोधा, शिळ्या ओळी काढा, आणि मग इनिटरॅमएफएस (बूटच्या वेळी सगळ्यात आधी लोड होणारी छोटी फाइलव्यवस्था) ताजं करा: डेबियन-उबंटूवर सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू, फेडोरात सुडो ड्रॅकट -एफ, आर्चवर सुडो एमकेइनिटसीपीआयओ आणि पुढे मोठा पी असलेला पर्याय.

डब्ल्यूएल चालू आहे, नेटवर्क दिसतात, पण जोडणी होत नाही? राउटरवर डब्ल्यूपीए३ असेल तर हा ड्रायव्हर तिथे जाऊच शकत नाही, राउटर डब्ल्यूपीए२ वर आणा. शिवाय नेटवर्कमॅनेजर शोध घेताना मॅक पत्ता बदलतो, ते या ड्रायव्हरला झेपत नाही. /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी/ (फोल्डरच्या नावात एन आणि एम मोठे) मध्ये .कॉन्फने संपणारी एक फाइल करा. पहिल्या ओळीत चौकटी कंसात ‘डिव्हाइस’, दुसरीत ‘वायफाय.स्कॅन-रँड-मॅक-अ‍ॅड्रेस=नो’. मग नेटवर्कमॅनेजर रीस्टार्ट.

रिअलटेक: जुना ड्रायव्हर काढा

आरटीएल८८२१सीई (१०ईसी:सी८२१) स्वस्त लॅपटॉपमध्ये सर्रास असतं. कर्नल ५.९ पासून आरटीडब्ल्यू८८ त्याला सांभाळतो. तरी २०१९-२० च्या मार्गदर्शकांवरून बसवलेला बाहेरचा ड्रायव्हर लोक अजून ओढत आणतात आणि दर अपडेटला रडतात. सुडो डीकेएमएस रिमूव्ह, पुढे स्टेटसमध्ये दिसलेलं नाव/आवृत्ती आणि --ऑल. मग काळ्या यादीतून आरटीडब्ल्यू८८_८८२१सीई ची ओळ काढा, फर्मवेअर असल्याची खात्री करा (डेबियनवर फर्मवेअर-रिअलटेक, उबंटूवर लिनक्स-फर्मवेअर), इनिटरॅमएफएस ताजं करा, रीस्टार्ट. आरटीएल८८५२एई ला ५.१६ पासून आणि आरटीएल८८५२बीई ला ६.२ पासून आरटीडब्ल्यू८९ आहे.

कर्नलमधले हे ड्रायव्हर घेतल्यावर काही लॅपटॉपवर जोडणी दर काही मिनिटांनी तुटते, किंवा झोपेतून उठल्यावर कार्ड मरतं. हे बहुतेक वेळा पीसीआयची वीजबचत, म्हणजे एएसपीएम, कार्डाला न मानवल्यामुळे. /ईटीसी/मॉडप्रोब.डी/ मध्ये फाइल करून लिहा:

ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८८_पीसीआय डिसेबल_एएसपीएम=१

५.९-५.१० च्या आसपासच्या कर्नलमध्ये याच मॉड्यूलचं नाव आरटीडब्ल्यू_पीसीआय होतं. आरटीडब्ल्यू८९ साठी ओळ अशी:

ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८९_पीसीआय डिसेबल_एएसपीएम_एल१=वाय डिसेबल_एएसपीएम_एल१एसएस=वाय

आरटीएल८७२३बीई (१०ईसी:बी७२३) चं दुखणं वेगळंच. राउटरला चिकटून बसलं तर चालतं, दुसऱ्या खोलीत सिग्नल उणे ८५ डीबीएमच्या खाली. अनेक लॅपटॉपमध्ये उत्पादकाने दोनऐवजी एकच अँटेना दिली आहे आणि ड्रायव्हर रिकाम्या जोडाकडे कान लावून बसतो. ‘ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई अँट_सेल=२’ लिहून पाहा, फरक नाही पडला तर १. फरक पडलाच तर तो ढळढळीत असतो, ३० डीबीचा सुद्धा.

ड्रायव्हर आहे, तरी बंद

आरएफकिल लिस्ट चालवून वायफाय कळीने किंवा सॉफ्टवेअरने बंद केलेलं आहे का ते पाहा. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ असेल तर सुडो आरएफकिल अनब्लॉक ऑल. ‘हार्ड ब्लॉक्ड’ कमांडने निघत नाही: बाजूची सरकती कळ, विमानाच्या चित्राचं बटण किंवा बायोसमधली नोंद शोधा. लेनोवोच्या काही आयडियापॅडवर अशी कळच नाही, पण आयडियापॅड_लॅपटॉप हे मॉड्यूल जुन्या कर्नलमध्ये ‘हार्ड ब्लॉक्ड’ सांगतं. सुडो मॉडप्रोब -आर आयडियापॅड_लॅपटॉप केल्यावर वायफाय आलं तर निदान पक्कं. कायमचं काळ्या यादीत टाकण्याआधी नवं कर्नल घेऊन पाहा, कारण त्या मॉड्यूलबरोबर बॅटरी जपण्याची सोय आणि काही विशेष बटणंही जातात.

विंडोज बरोबर असेल तर एक साधी परीक्षा: विंडोजमधून ‘शट डाउन’ करून लिनक्स सुरू केलं की वायफाय नाही, ‘रीस्टार्ट’ करून आलं की आहे? मग दोष फास्ट स्टार्टअपचा. त्यात शट डाउन हे अर्धवट झोपणं असतं, आणि कार्ड विंडोजच्या ड्रायव्हरने सोडलेल्या अवस्थेत राहतं. डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) इंटेलच्या कार्डाला उणे ११० ची त्रुटी (वेळ संपली), मीडियाटेकच्या एमटी७९२१ ला ‘ड्रायव्हर ओन फेल्ड’ दिसतं. विंडोजच्या अ‍ॅडमिन टर्मिनलात ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ चालवा, याने हायबरनेटही बंद होतं. अडकलेलं कार्ड सोडवायला लॅपटॉप बंद करून चार्जर काढा आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून ठेवा.

डीमेसेजमध्ये फर्मवेअरच्या नावापुढे उणे २ दिसलं तर लगेच घाबरू नका. उणे २ म्हणजे फाइल सापडली नाही, आणि इंटेलचा ड्रायव्हर सगळ्यात नव्या फाइलपासून एकेक पायरी खाली उतरत शोधतो. वरच्या चार-पाच ओळी निव्वळ गोंगाट असतात. ‘नो सूटेबल फर्मवेअर फाउंड’ आलं तरच खरी अडचण. डेबियन १२ पासून (२०२३) फर्मवेअर नॉन-फ्री-फर्मवेअर या वेगळ्या विभागात आहे. ११ वरून चढवलेल्या सिस्टीममध्ये सोर्सेस.लिस्टमध्ये तो विभाग जोडायचा राहून जातो, आणि कर्नल पुढे जात राहतं पण फर्मवेअर जुनंच राहतं.

एनव्हीएमई डिस्क टाकल्यानंतर वायफाय आपोआप जोडलं जात नसेल तर कार्डाचं नाव बदललं असेल. डब्ल्यूएलपी२एस० चं डब्ल्यूएलपी३एस० होतं, आणि जुन्या नावाला बांधलेलं प्रोफाइल तसंच राहतं. एनएमटीयूआय या टर्मिनलातल्या नेटवर्क सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये त्या जोडणीतलं ‘डिव्हाइस’चं खानं रिकामं करा.

कार्डच बदलायचं असेल तर

डब्ल्यूएलवर अडकलेल्या लॅपटॉपला हा सगळ्यात टिकाऊ उपाय. पण दुकानदाराने ‘इंटेलचं आहे’ म्हणून दिलेलं काहीही घेऊ नका. एएक्स२०० आणि एएक्स२१० ही साधी पीसीआय कार्डं आहेत, एएमडीच्या लॅपटॉपमध्येही चालतात. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तशीच, पण त्यांचा अर्धा मेंदू इंटेलच्या चिपसेटमध्ये असतो. एएमडी किंवा जुन्या इंटेल लॅपटॉपमध्ये ती दिसणारसुद्धा नाहीत. एएक्स२१० ला कर्नल ५.१० किंवा पुढचं घ्या.

या कार्डांना लागणारी खाच एम.२, आकार २२३०, ए किंवा ई की. एम.२ येण्याआधीच्या लॅपटॉपमध्ये मिनी पीसीआय एक्सप्रेस असते, आणि तिच्या अँटेनाच्या तारांची टोकं एम.२ कार्डाच्या जोडांपेक्षा मोठी असतात, बसत नाहीत. अशा लॅपटॉपला मिनी पीसीआयच्याच आकाराचं अथेरॉस किंवा इंटेलचं जुनं कार्ड शोधणं बरं. जुन्या थिंकपॅडवर ‘१८०२’ अशी चूक येऊन लॅपटॉप सुरूच झाला नाही, तर बायोसमध्ये ठराविक कार्डांचीच यादी आहे. काही जुन्या एचपी लॅपटॉपवरही असंच कुलूप असतं. विकत घेण्याआधी त्या मॉडेलबद्दल हे तपासा. तारा काढताना ओढू नका, टोकाखाली नख घालून सरळ वर उचला. बॅटरीचा जोड आधी काढलेला हवा.

बसवल्यावर ब्लूटूथ दिसलं नाही तर कार्ड खराब आहे असं लगेच धरू नका. या कार्डांचं वायफाय पीसीआयवरून चालतं, ब्लूटूथ त्याच खाचेतल्या यूएसबीच्या तारांवरून. एलएसयूएसबीमध्ये एएक्स२१० साठी ८०८७:००३२ ही ओळ यायला हवी. नसेल तर आधी बायोसमधली ब्लूटूथची नोंद पाहा. तीही चालू असेल, तर बहुधा त्या बोर्डवर खाचेला यूएसबी जोडलेलंच नाही, आणि ब्लूटूथसाठी वेगळा डोंगलच लावावा लागेल.